फिटरने बायकोसाठी केलेलं घर

सारी नोकरी पंपहाउसवर काढलेल्या त्या माणसाला सगळे फिटरच म्हणत, सासरकडचेसुद्धा. बिघडलेली कुठलीही वस्तू त्याच्या हाती द्यावी आणि निर्धास्त व्हावं. फक्त ती कशी दुरुस्त करायची, हे कुणी सांगितलेलं त्याला खपत नसे.

त्याची बायको कपडे शिवायची. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीला लागून तिचं पायाचं मशीन होतं. गिऱ्हाइकं खिडकीतूनच कापड द्यायची आणि जाता जाता घरच्या कागाळ्याही सांगायची. मग ती जिन्यावरून पडली. मणका दुखावला, पाय कायमचे गेले. हॉस्पिटलातून तिला बहिणीकडेच न्यावं लागलं, कारण चाकांची खुर्ची घराच्या दारातून आत शिरेना.

फिटरने मनावर घेतलं. तिला कुणाचा हात धरावा लागू नये, असं ते घर बदलून घ्यायचं. त्याने एक आर्किटेक्ट गाठली, चाळिशीची, मोजकं बोलणारी बाई. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "काका, मला काकूंना भेटायचंय. घरात त्या वावरणार."

"तिला कशाला त्रास? काय हवं ते मी सांगतो. संसार काय आज थाटलाय आम्ही?"

आणि तो खरंच झटला. उसन्या खुर्चीत स्वतः बसून, जमिनीवर खडूने आखलेल्या खोल्यांमधून फिरला. ओटा किती खाली, नळ किती जवळ, सगळं बसल्या बसल्या ठरवलं. अडलं ते बाथरूमपाशी. आर्किटेक्टने नकाशात पुढची, रस्त्याकडची खोली तशीच ठेवली होती.

"एवढ्याशा जागेत खुर्ची वळणार नाही," फिटर म्हणाला. "पुढची खोली घ्या बाथरूमला."

"काकू तिथे शिवतात म्हणालात ना?"

"शिवायची. आता पायाचं मशीन कसं चालवणार?"

"एकदा फोन तरी करू का त्यांना?"

"मॅडम, तिचा नवरा मी आहे की तुम्ही?"

ती हसली नाही. पण नवा नकाशा त्याच्या म्हणण्याप्रमाणेच आला. मशीन त्याने ओळखीतल्या एकाला देऊन टाकलं. डोळ्यांसमोर राहिलं तर तिला उगाच वाईट वाटेल, म्हणून. बायको फोनवर विचारायची, "काय काय चाललंय?" तो म्हणायचा, "बघशीलच."

ती आली तेव्हा उतारावरून एकटी खुर्ची ढकलत आत शिरली. मागे फिटर, हात पुढे केलेले, पण न लावता. त्याचे डोळे भरून आले. तिने ओट्यावरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला. "छान आहे," म्हणाली. मग विचारलं, "माझी खोली?"

त्याने मोठ्या कौतुकाने बाथरूमचं दार उघडलं. पांढऱ्या फरशा, भिंतींना धरायला चकचकीत दांडे. खिडकीच्या जागी छताजवळ एक झरोका.

"मशीन कुठाय?"

"अगं, आता कशाला..."

"पाय गेलेत माझे, हात नाही. मोटर बसवता आली असती. फिटर ना तुम्ही?"

तो चिडला. "जिवाचं रान केलं तुझ्यासाठी! त्याची काडीची किंमत नाही."

"मला विचारलंत कधी?" मग दारात उभ्या असलेल्या आर्किटेक्टकडे वळून ती म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी म्हणत होते यांना..."

"यांना."

आर्किटेक्टने खाली पाहिलं.

बायकोने काही दिवस काढले. मागच्या खोलीतून शेजारच्या घराची भिंत दिसायची. गिऱ्हाइकं भेटायला येत, पण आजाऱ्याला भेटतात तशी, हळू आवाजात बोलून लगेच निघत. एका सकाळी तिने बहिणीला बोलावून घेतलं. "चार दिवस जाऊन येते," म्हणाली आणि परत आली नाही. बहिणीच्या व्हरांड्यात आता मोटरचं जुनं मशीन आहे, समोर पुन्हा कापडं घेऊन बायका.

फिटर अधूनमधून तिला भेटायला जातो. ती "बसा" म्हणते, तोंडात टाचण्या धरून. एकदा त्याने धीर करून विचारलं, "बाथरूम पाडून खिडकी पुन्हा काढू?"

तिने दोरा तोडला. "नको. आता माझ्यासाठी काही करू नका."

वाटेत कुणी भेटलं की तो सांगतो, "हट्टी आहे हो. एवढं केलं मी." ऐकणारा मान हलवतो. फिटरलाही ते खरं वाटतं, निदान घरी पोचेपर्यंत.