लिफ्टकाकांचं ‘नको’

लिफ्टकाकांना ‘नको’ म्हणायला त्यांच्या आईने शिकवलं. कुणाकडे गेलास की पहिल्यांदा विचारतील तेव्हा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा अहो खरंच नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा पुढे केलं की मगच घ्यायचं, नाहीतर लोक म्हणतात पोरगं हावरट आहे. काका वाढले तिथे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. विचारणारे तीनदा विचारायचे, नाही म्हणणारे दोनदा नाही म्हणायचे आणि शेवटी सगळ्यांची पोटं भरायची.

पंचाईत झाली ती काका लिफ्टदुरुस्तीचं शिक्षण घेऊन परदेशात आले तेव्हा. इथली माणसं एकदा विचारतात. नको म्हटलं की बिस्किटाच्या डब्याला झाकण लावून मोकळी होतात. काकांना हे कळायला वेळ लागला असं नाही, पहिल्या वर्षातच कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि जिभेला वळण लागणं वेगळं. साहेबाने विचारलं, सुपरवायझर होणार का? काका म्हणाले, छे, मला कसलं जमतंय. साहेब म्हणाला ठीक आहे, आणि काकांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला सुपरवायझर करून टाकलं. घरमालकाने विचारलं, तळमजला रिकामा होतोय, घेता का? काका म्हणाले, आम्हाला काय घाई, दुसऱ्या कुणाला गरज असेल तर बघा. दुसऱ्या कुणाला गरज होतीच. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. काकांनी तर तिला घरात आणून ठेवलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. गावभरच्या लिफ्टा ज्या माणसाच्या हाताखालून गेल्या, त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार, असं काकू हसून म्हणायच्या. मग त्या घसरून पडल्या, खुबा मोडला, जोडला, घरातल्या घरात काठीने हिंडाफिरायला लागल्या, पण जिना उतरणं काही जमेना. तेव्हापासून त्यांनी ती म्हण सोडून दिली.

काकू लग्नाआधी शाळेत शिकवत. वाचनाचं वेड पहिल्यापासून. इथे आल्यावर मराठीत बोलायला एक नवरा, आणि तो दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात. मग काकू पुस्तकांशी बोलायच्या. वाचता वाचता मध्येच थांबून म्हणायच्या, “काय बाई आहे ही! अगं, निघून जा ना!” काका स्वयंपाकघरातून विचारायचे, “कोण आलंय का?” कुणी आलेलं नसायचं.

अशात एक बातमी आली. नोकरीसाठी नव्याने आलेल्या मराठी पोरापोरींनी पुस्तक मंडळ काढायचं ठरवलं होतं. महिन्यातून एकदा जमायचं, सगळ्यांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलायचं. पुढाकार घेतला होता औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका मुलीने. ती चालायची इतकी भरभर, की मंडळीत तिचं नावच तुरतुरी पडलं होतं. पहिल्या बैठकीला जागा हवी होती, आणि गावातली प्रत्येक इमारत आतून पाहिलेला माणूस एकच होता. तुरतुरीने काकांनाच गळ घातली.

काकांनी घरी सांगितलं तेव्हा काकूंनी हातातलं पुस्तक उपडं ठेवलं.

“अहो, आपल्याकडे बोलवा ना त्यांना.”

“आपल्याकडे?”

“मला खाली जाता येत नाही. त्यांना वर येता येतं. मी आजवर काही मागितलं का तुमच्याकडे? एवढं करा. सरळ सांगा त्या मुलीला, आमच्याकडे या म्हणून.”

“सांगतो की,” काका म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

शनिवारी काका तुरतुरीला आपल्या व्हॅनमधून जागा दाखवायला निघाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! पोहण्याच्या तलावावरचा हॉल पाहिला. तिथे खालच्या पोरांच्या किंकाळ्या अशा घुमत होत्या की पुस्तकावर बोलायचं तर भोंगाच लागला असता. कॉफीच्या दुकानाची वरची खोली पाहिली. मालक म्हणाला बसा हवं तेवढं, पण दर तासाला प्रत्येकाने काहीतरी मागवायचं. काका प्रत्येक ठिकाणी आधी लिफ्टच्या दाराला कान लावायचे. “ब्रेक घासतोय हिचा,” ते गंभीरपणे म्हणायचे. शेवटी तुरतुरी म्हणाली, “काका, आपण लिफ्टमध्ये बसून वाचणार नाही आहोत.” दोघंही हसले. मग लायब्ररीचं तळघर पाहिलं. सतरंजीला ओलसर वास, खिडकी नाही, पण शांत आणि फुकट.

घरी काकूंनी सांगितलेलं वाक्य काकांच्या ओठांवर सकाळपासून होतं. प्रत्येक जागा नापसंत झाली की त्यांना वाटे, आता म्हणू. पण आपणहून आपल्या घराचं नाव काढायचं म्हणजे पुढे पुढे करण्यासारखं. शेवटी परतताना सिग्नलला गाडी थांबली आणि देवच पावला म्हणायचं, तुरतुरीच म्हणाली, “काका, तुमच्याकडेच घेतली पहिली बैठक तर? काकूही असतील.”

आता फक्त हो म्हणायचं होतं.

“आमच्याकडे? छे गं!” काका म्हणाले. “तिसरा मजला, लिफ्ट नाही. तुम्हा लोकांना कशाला त्रास? आणि हिलाही आताशा दगदग सोसत नाही.”

शेवटचं वाक्य तर निव्वळ भरीला होतं. काका ते बोलले आणि वाट पाहत राहिले. आता ही म्हणेल, त्रास कसला काका. मग आपण म्हणू, बघा बुवा, जागा लहान आहे. मग ती म्हणेल, चालेल हो. आणि मग आपण म्हणू, बरं, या मग.

“अच्छा,” तुरतुरी म्हणाली. “नाही नाही, काकूंना त्रास नको व्हायला. मग लायब्ररीच पक्की करते.” तिने तिथल्या तिथे फोनवर सगळ्यांना कळवलं. सिग्नल हिरवा झाला.

बिचारीचं काही चुकलं नव्हतं. एका भल्या माणसाने नको म्हटलं, ते तिने ऐकलं. काकांनी तेव्हाही तोंड उघडलं असतं तर भागलं असतं. पण खरं सांगायचं तर भिडेखाली आणखीही काही होतं. ती पोरं घरी येतील, धापा टाकत वर चढतील आणि कुणीतरी विचारेल, काकूंना उतरता येत नाही तर तुम्ही खाली राहायला का गेला नाहीत? मग तळमजल्याला नको कोण म्हणालं होतं, ते सांगावं लागलं असतं. काकांनी गाडी पुढे काढली.

घरी काकूंनी काठी टेकत टेकत सोफा भिंतीला लावला होता. शेजारणीकडून खुर्च्या मागवल्या होत्या.

“काय ठरलं?”

“लायब्ररीचं तळघर.” काकांनी बूट काढायला खाली वाकून घेतलं. “मी म्हटलं त्यांना. पण जिने नको म्हणाले सगळे.”

“तरुण पोरं ती, आणि जिने नको?”

“आजकालची पोरं.”

“बरं,” काकू म्हणाल्या, आणि खुर्च्या परत द्यायला सांगितल्या. तुरतुरीने फोनवरून सामील व्हा असा निरोप पाठवला, तर काकू म्हणाल्या, “फोनमध्ये नुसती कपाळं दिसतात. मला नाही जमणार.” मात्र नवऱ्याला त्यांनी पाठवलंच. “जा आणि मला सगळं येऊन सांगा.”

काका गेले. पुस्तक होतं काकूंनी कितीदा तरी वाचलेलं. त्यातली नायिका घर सोडून का जात नाही यावर मुलांचं जुंपलं. कुणी म्हणे घाबरट, कुणी म्हणे मूर्ख. काकांनी यावर काकूंचं बोलणं भाजी चिरता चिरता इतकं ऐकलं होतं की त्यांना ते तोंडपाठ झालं होतं. काकू त्या खोलीत असत्या तर ही पोरं वाद सोडून ऐकत बसली असती, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. कुणीतरी विचारलंसुद्धा, “काका, तुम्हाला काय वाटतं?”

“छे, मला काय कळतंय त्यातलं,” काका म्हणाले. चर्चा पुढे गेली.

बैठक संपल्यावर तुरतुरी म्हणाली, पुढच्या महिन्याचं पुस्तक काकूंना मीच नेऊन देते. काकांना टाळता येईना. ती दोन दोन पायऱ्या घेत वर पोचली तेव्हा काका अजून पहिल्या मजल्यावर होते. ते दारात आले तोवर दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. काकूंचा चेहरा असा उजळलेला त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

“काय छान घर आहे काकू!” तुरतुरी म्हणत होती. “मी तर काकांना म्हटलं होतं, पहिली बैठक इथेच घेऊ. पण तुम्हाला दगदग होते म्हणाले ते. म्हणून मग आग्रह नाही केला.”

काकूंनी काकांकडे पाहिलं. फार वेळ नाही.

“हो गं,” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं होतं यांना. होते दगदग.”

“मग पुढची घेऊया का इथे? बरं वाटत असेल तर?”

“नको,” काकू म्हणाल्या.

तुरतुरीने मान डोलावली. काका घाईने पुढे होऊन काकूंना म्हणाले, “अगं, घे की! खरंच घे. मी खुर्च्या आणतो, सगळं करतो.” ते पुन्हा म्हणाले, आणि आणखी एकदा म्हणाले. पण काकूंच्या आईने काकूंना असलं काही शिकवलं नव्हतं. त्यांचं नको ते नको. तुरतुरी अवघडून उठली, येते म्हणाली आणि जिना उतरून गेली.

काका सोफ्याच्या कडेवर बसले. “चुकलं माझं,” म्हणाले. “तोंडातून निघून गेलं गं. मला वाटलं ती पुन्हा विचारेल.”

काकू नवं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ते उघडलं नाही.

“इतके दिवस मी त्या पोरीवर राग धरून होते,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, एका म्हाताऱ्या बाईसाठी तीन जिने चढवत नाहीत हिला. किती गोड मुलगी आहे ती.”

“माझ्यावर राग धर,” काका म्हणाले.

“तुमच्यावर धरला तर जाऊ कुठे?” काकू म्हणाल्या. “खाली उतरता येत नाही मला.”