मडमेचे केस

उनोकिची वीस वर्षं चित्रं छापायच्या लाकडी ठशांवर कपडे कोरत होता. कपडे, घोडे, जहाजांची शिडं, काय म्हणाल ते. फक्त चेहरा आणि केस सोडून. मानेवरचं काम पहिल्या कारागिराचं, मानेखालचं बाकीच्यांचं, हा योकोहामा बंदरातल्या त्याच्या छापखान्याचा शिरस्ता. म्हातारा पहिला कारागीर डोळ्यांनी अधू होऊन घरी बसला, तेव्हा ती जागा आपलीच, असं उनोकिची धरून चालला होता. मालकांनी ती दिली सेइजिरोला. नऊ वर्षांनी लहान पोराला! तेव्हापासून उनोकिचीला भात गोड लागेना. सेइजिरो हसला की याच्या पोटात दुखे, आणि तो मेला सदा हसतमुख.

अशात घोड्यावर बसलेल्या मडमेचं चित्र आलं. चित्रकार केसांची नुसती कड काढून देतो. आतला एकेक केस कोरणाऱ्याने आपल्या अकलेने भरायचा. सेइजिरो अडला. परदेशी माणसं दिसली की त्याला घाम फुटे, त्यामुळे तो कधी धक्क्याकडे फिरकलाच नव्हता.

"दादा, तुम्ही धक्क्यापाशी राहता. या बायांचे केस असतात तरी कसे?"

उनोकिची ते रोज बघत होता. मेंढीच्या लोकरीसारखे कुरळे.

"सरळ," तो म्हणाला. "आपल्या बायकांसारखेच, तेल लावून चोपलेले. कोर बिनधास्त."

आता लोक हसणार, मालक याला हाकलणार आणि मला बोलावणार, असे मांडे तो मनात खात बसला.

लोक हसले नाहीत. चित्रं घेणारे सगळे बंदरापासून लांबच्या येदो शहराचे, त्यांनी मडम कधी पाहिली होती? "बाकी काही असो, केस मात्र बाईमाणसासारखे आहेत हो!" म्हणत त्यांनी थप्प्या संपवल्या. मालकांनी आणखी बारा मडमा काढायला सांगितल्या.

संध्याकाळी सेइजिरो ताजा मासा घेऊन दारात हजर. मागे खुद्द मालक.

"मी मालकांना सांगून टाकलं, दादा. हात माझा, पण नजर तुमची."

"एवढी नजर, आणि मला पत्ता नाही!" मालक म्हणाले. "उद्यापासून धक्क्यावर जाऊन मडमांचे घागरे बघून यायचे. आता जन्मभर घागरे तुझेच, उनोकिची. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही."

उनोकिचीने वाकून आभार मानले. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर एका मडमेने टोपी काढली. वाऱ्यावर कुरळ्या बटा भुरभुरल्या. त्याने त्या डोळे भरून पाहिल्या, आणि मग मान खाली घालून तिच्या घागऱ्याची झालर बघू लागला.