हजार वाती आणि चहाची पुडी

मंगळवारी पोस्टमन पार्सल देऊन गेला. आत काय, तर पाव किलो चहापत्ती, छापील किंमत एकशे तीस. वेलदोड्याची पुडी, वीस रुपये. आणि एका डब्यात फुलवाती, त्यावर किंमत नाही. टपालखर्च बावन्न रुपये... म्हणजे वेलदोड्यापेक्षा पार्सल महाग.

पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं लिहिलं होतं, ‘ग्रुपमधली एक’.

ग्रुप म्हणजे आपला ‘चौथी चावी’ मालिकेचा. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. मालिकेत दादासाहेबांचा खून होतो आणि स्वयंपाक करणाऱ्या यमुनामावशीला पोलीस धरून नेतात. आता जी बाई दुसऱ्याच्या घरची पोळी करपू देत नाही, ती खून करेल का? मला काही पटेना.

त्या दिवशी दिवाबत्ती करताना मी देवीला बोलून बसले, की मावशी निर्दोष सुटेपर्यंत चहा पिणार नाही. प्रोमोमध्ये ‘या आठवड्यात होणार उलगडा’ असं सांगत होते... मी मोठ्या विश्वासाने आठ दिवस धरले होते.

दोन महिने गेले. रोज साडेसातला टीव्ही लावायचा, आणि एकेकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवून भाग संपायचा. दुपारी तीनला माझं डोकं ठणकायचं. आमचे हे समोर बसून बशीत चहा ओतायचे आणि म्हणायचे, “देवीले का दुसरे कामं नाहीत? त्या मावशीले एखादा वकील करून दे न.”

मग मीच मनावर घेतलं. झालेले भाग मोबाईलवर पहिल्यापासून पुन्हा पाहिले. मोठी सून रेवती पोलिसांना सांगते, “पाच ते सात मी देवघरात होते. हजार फुलवाती केल्या, जागची हलले नाही.” समोर ताटात वातींचा ढीग. इन्स्पेक्टर मान डोलावतो आणि निघून जातो.

तो पुरुष माणूस, त्याला काय कळणार... मी मात्र तिथेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी कापूस घेतला, मोबाईलवर वेळ लावली आणि बसले. तोंडातून शब्द न काढता एका तासात एकशे साठ वाती झाल्या. हजाराला सहा तास लागतात हो. म्हणजे रेवतीने त्या आधीच करून ठेवल्या होत्या, आणि पाच ते सात ती देवघरात नव्हतीच.

हे ग्रुपवर लिहिलं, नवसाचंही लिहिलं, आणि जी हसाहसी झाली. एक नाशिकचे काका म्हणाले, “ताई, शूटिंगवाल्यांनी बाजारातून आणल्या असतील.” दुसरी म्हणाली, “चहा सुटल्याचा परिणाम आहे, काकूंना सांभाळा.” पण दोन दिवसांत आठ जणींनी स्वतः करून पाहिल्या आणि ताटाचे फोटो टाकले. कोणाच्या दीडशेच्या वर गेल्या नाहीत.

शनिवारी शेवटचा भाग झाला. खुनी रेवतीच! पण पकडली कशावरून, तर मोबाईलच्या लोकेशनवरून. वातींचं कोणी नावसुद्धा काढलं नाही... असो. मावशी सुटली. मी देवीपुढे गूळ ठेवला आणि चहा करायला उठले, तर दूध सगळं मीच सवयीने दह्याला विरजलेलं. आणखी एक रात्र नवस लांबला.

आणि मंगळवारी हे पार्सल. मी लगेच ग्रुपवर आभार लिहिले. आठही जणींचं उत्तर एकच, “मी नाही.” नाशिकचे काकाही नाही म्हणाले.

संध्याकाळी निरांजनाला त्याच डब्यातली वात घेतली आणि हात थांबला. वातीचा शेंडा पिळून परत उलटा दुमडलेला होता.

अशी वात आमच्या सासूबाईंची. त्यांनी ती दोघींनाच शिकवली, मला आणि मेडशीच्या आमच्या नणंदबाईंना, मीनाताईंना. मग माझ्या लक्षात आलं, की ग्रुपवर मी पत्ता कधी दिलेलाच नाही... रेवतीला पकडणारी मी, आणि एवढं सुचायला मला संध्याकाळ झाली.

मीनाताई दोन वर्षं आमच्याशी बोलत नाहीत. मुलीच्या लग्नात मी गडबडीत धाकट्या नणंदेची ओटी आधी भरली आणि मोठी असून त्यांची नंतर. त्या ताट तसंच ठेवून मांडवातून उठून गेल्या. चूक माझीच होती. पण दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही, मग मीही अढी धरून बसले. त्या मालिका बघतात हेही मला माहीत नव्हतं. ग्रुपमध्ये एक गुलाबाच्या फुलाचा फोटो आहे, कधी अक्षर लिहीत नाही... त्या तुम्हीच ना, ताई?

ह्यांना डबा दाखवला. ते बराच वेळ वात बोटांत फिरवत राहिले. म्हणाले, “मायच्या हातची वाटून राह्यली.” बहीणभाऊ दोघंही सारखेच, स्वतःहून फोन करणार नाहीत.

डब्यातल्या वाती मी मोजल्या, एकशे साठच निघाल्या. माझ्यासाठी कोणीतरी एक तास न बोलता बसलं होतं. दोन वर्षांच्या अबोल्यात एवढं मोठं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

मीनाताई, चहाची पुडी मी फोडलेली नाही. आता नवस वगैरे काही नाही, पण तुम्ही आल्याशिवाय फोडणार नाही. ओटीचं ताट तयार आहे, या खेपेला पहिलं तुमचं. फोन उचलायचा नसेल तर नका उचलू... कोणत्या एस.टी.ने येताय, तेवढं उलट टपाली कळवा. दूध विरजायचं थांबवते.