पाइनखाली उभा असलेला माणूस

एमरी पिंकनी वारले तेव्हा चर्चमधल्या अंत्यविधीच्या पत्रिकेवर छापण्यासाठी त्यांचा फोटो शोधण्याचे काम माझ्याकडे आले. गिरणीतला सापडला, लग्नातला सापडला. तळ्यावरचा मात्र नव्हता. खरे तर तसा एक फोटो निघाला होता.

एमरीकाका आमचे शेजारी. आठवडाभर लाकडाच्या गिरणीत फळ्या रचायचे आणि शनिवारी तंबू, गळ नि कॉफीची किटली घेऊन तळ्यावर जायचे. कॅरोलायनाच्या त्या भागात आमची काळी माणसे रानात एकटी जात नसत. काका जात. त्यांची आई, हेस्टरआजी, त्या दिवशी व्हरांड्यातली खुर्ची रस्त्याकडे वळवून बसे. ते परतले की विचारी,

"कुणी पाहिलं तुला?"

"माशांनी."

"माशांचं नाही विचारत मी."

तिचा धाकटा भाऊ कोवळ्या वयात एकटा रानात गेला आणि गोऱ्यांच्या हाती सापडला होता. त्याला झाडावरून उतरवायला माणसे अंधार पडल्यावर गेली, एवढेच तिने मला एकदा सांगितले होते.

एकोणीसशे त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरात उत्तरेकडची एक तंबू बनवणारी कंपनी जाहिरातीसाठी तळ्यावर आली. सामान वाहायला आणि तंबू ठोकायला त्यांनी काकांना घेतले. दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर म्हणाला, "यंदा चित्रात तुमच्यापैकी एक तरी हवा, असं वरून आलंय. उभे राहाल?"

त्या संध्याकाळी काका आमच्या पायरीवर येऊन बसले. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. "मासिक आलं की आईला दाखवीन," ते म्हणाले. "मी तळ्यावर उभा आहे, धडधाकट, आणि सगळ्या देशानं पाहिलंय. मग तरी ती खुर्ची वळवायची थांबेल."

ते चर्चचा निळा शर्ट इस्त्री करून घालून गेले. ओल्या वाळूत खुंट्या धरत नाहीत, म्हणून तंबूचा वरचा दोर ते नेहमी फांदीला बांधत. त्या दिवशीही पाइनच्या फांदीला बांधला आणि त्याच्याच खाली, उंच गवतात, उभे राहिले. पुढे शेकोटीपाशी एक गोरे जोडपे कॉफी पीत होते. कॅमेऱ्यासाठी उजेड मोजला गेला तो त्यातल्या मुलीच्या गालावर; मागे सावलीतल्या काकांचा कुणी मोजला नाही.

"मागे जरा हसा हं, दात दिसले म्हणजे सापडाल," फोटोग्राफर म्हणाला. सगळे हसले. काकाही हसले. मग तो म्हणाला, "राहू दे. मान खाली घालून हातातल्या गळाकडे बघा."

मासिक वसंतात आले. काका ते आधी क्लीव्हनच्या सलूनमध्ये घेऊन गेले.

"यात तू कुठला रे, एमरी? हा, की हा बुंधा?" तिथे बसलेल्या एकाने विचारले.

"बुंधा शेजारी आहे."

"मग तोंड कुठं ठेवलंस?"

"उठलं नाही छपाईत."

"इस्त्री फुकट गेली म्हण की!"

दोघेतिघे हसले. मग क्लीव्हनने मासिक मिटून त्यांच्या हातात दिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावले.

हेस्टरआजीने ते मांडीवर घेतले तेव्हा मी तिथेच होते. शेकोटीजवळच्या जोडप्यावरून तिची नजर पुढे सरकली आणि मागच्या काळ्या आकृतीवर थांबली. मान खाली गेलेली. गवतामुळे पाय दिसत नव्हते. वर फांदी, आणि फांदीपासून मानेमागे उतरणारा दोर.

"कुणाचा मुलगा हा?" तिने विचारले.

काकांनी माझ्याकडे पाहिले.

"कुणाचा नाही, आई. तंबूची जाहिरात आहे ती."

"आणि ही दोघं हसतायत."

"हो."

तिने त्या आकृतीवर तळहात ठेवला.

"उतरवलं का त्याला?"

"हो, आई," काका म्हणाले. "उतरवलं."

त्या शनिवारी ते तळ्यावर गेले नाहीत. स्वयंपाकघरातली एक खुर्ची त्यांनी व्हरांड्यात आणून तिच्या खुर्चीशेजारी ठेवली, आणि दुपारभर दोघे रस्त्याकडे पाहत बसले.

पत्रिकेवर आम्ही गिरणीतलाच फोटो छापला.