हरिदासचं वय

तानबा कोतवालाला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण गावात कोण कधी जन्मलं हे विचारायला लोक त्याच्याकडेच येत. दर आठवड्याला काठी घेऊन तो आष्टीच्या ठाण्यात जाई आणि कुणाकडे पाळणा हलला, कुणाची तिरडी निघाली, ते घडाघडा सांगे. मुन्शी लिहून घेई. "माह्या तोंडून गेल्याबिगर या गावात कोनी जन्माले येत नाई, आन् कोनी मरत बी नाई," असं तो म्हणायचा. बढाईच ती, पण अगदी पोकळ नव्हती.

एकच जन्म त्यानं सांगितला नव्हता. बेचाळीसच्या ऑगस्टात आष्टीच्या ठाण्यावर लोक चालून गेले, गोळ्या चालल्या, मुडदे पडले, आणि त्यानंतर पोलीस दिसेल त्या पुरुषाला उचलून नेऊ लागले. तानबा तीन-चार महिने ठाण्याकडे फिरकलाच नाही. कोण फिरकलं असतं? त्याच दिवाळीनंतर दहाव्या दिवशी शालूबाई माळणीला मुलगा झाला, हरिदास. पुढं ठाण्याची वाट मोकळी झाली तेव्हा एवढा उशीर का, म्हणून साहेब फैलावर घेतील या भीतीनं तानबानं ती गोष्ट गिळली. शालूबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, "लिवलं नं बाई." सतरा वर्षांत ते खोटं कुणाला नडलं नाही. हरिदास शाळेतही गेला नाही, की तिथं तारीख लागावी.

दारूबंदी तर या जिल्ह्यात इंग्रजांच्या काळापासूनची. बंदी कागदावर आणि मोहाची हातभट्टी नाल्याच्या काठी, दोन्ही सुखानं नांदत. एकोणसाठ साली मात्र मुंबई राज्याचा कायदा आला आणि वारं फिरलं. तानबानंच गावात दवंडी दिली: अठराच्या आतल्या पोराला जो दारू पाजेल, त्याला सरळ तुरुंग. दवंडी देताना त्याचा आवाज खणखणीत होता. तीन वर्षांपूर्वी नागपुरात धम्मदीक्षा घेताना त्यानं दारू न पिण्याची शपथ घेतली होती. शेजारी त्याचा एकुलता एक मुलगा श्रावण उभा होता, त्यानंही घेतली. बापानं पाळली. लेकाचं काय झालं, ते मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आपल्याला ठाऊक नाही असं बाप दाखवत असे.

मग पोळा आला. त्या वर्षी शालूबाईची बैलजोडी हरिदासनं पहिल्यांदा तोरणाखाली नेली. मायनं वर्षानुवर्षं भाज्या विकून घेतलेली जोडी ती. श्रावण शेजारच्याच मळ्यात सालगडी होता, पोराचा दोस्त. बैल मिरवून झाल्यावर त्यानं हरिदासला बांधावर बसवलं आणि हातात गिलास दिला. "बैल मिरवले नं? आता तू गडी झाला." पोळ्याच्या दिवशी अशी थट्टा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. एकाचे तीन गिलास झाले. श्रावण हसत घरी गेला आणि पोरगा बांधाखाली चिखलात पडून राहिला.

सकाळी मायला सापडला तेव्हा तो डोळे उघडत नव्हता. बैलगाडीतून आष्टीच्या दवाखान्यात नेला. चौथ्या दिवशी शुद्धीवर आला, तोवर डॉक्टरांनी ठाण्यात कळवलं होतं. "कोनं पाजली?" या प्रश्नाला पोरानं जे नाव घेतलं ते शालूबाईनं जमादारांना सांगितलं.

प्रभाकरराव जमादारांनी तानबाला बोलावलं. श्रावण आधीच कोपऱ्यात बसवलेला होता. शालूबाई भिंतीला टेकून उभी होती.

"तानबा, पोराच्या जन्माची नोंद सापडत नाही," जमादार म्हणाले. "मायचं सांगणं कागदावर चालत नाही, कोतवालाचंच लागतं. वय किती?"

तानबानं मनात हिशेब केला. खरं वय सतराच्या आत. सतरा सांगितलं तर श्रावण आत जातो, अठरा सांगितलं तर दंडावर भागेल. एका वर्षाचा तर प्रश्न! आणि नोंद कुठं गेली हे कुणी विचारणारही नाही. त्यानं लेकाकडे पाहिलं. लेकानं मान खाली घातली होती.

"अठरा पुरे झाले साहेब," तो म्हणाला.

शालूबाईनं झटकन वर पाहिलं. जमादारांनी लिहिलं आणि टाक खाली ठेवला.

"मग पोरगाही आरोपी, पिणंही गुन्हाच. लहान असता तर समज देऊन मायच्या हवाली केला असता. आता मोठ्या माणसासारखा खटला चालेल. दवाखान्यातून सुटला की अटक."

दवंडीत एवढं नव्हतं.

"तानबाभाऊ," शालूबाई म्हणाली, "हे काय सांगून राह्यले तुमी? तुमच्याच बायकोनं नाळ कापली त्याची. गाव पोलिसाच्या धाकानं दार लावून बसलं होतं. तुमी मले म्हनलं होतं, लिवलं म्हून!"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं तानबाला वाटलं. आपण या बाईला दोनदा फसवलं. पहिल्यांदा भीतीनं, आज लेकाच्या मायेनं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"साहेब, खोडा ते," तो म्हणाला. "बेचाळीसची दिवाळी झाल्यावर दहाव्या दिवशी जन्मला तो. सतरावं चालू हाय. नोंद मीच केली नाई. भ्यालो होतो. आन् आता बी खोटंच बोललो. माही कोतवाली जात असन तं जाऊ द्या."

जमादारांनी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली आणि नवी तारीख घातली. तानबानं अंगठा दिला. शालूबाई दवाखान्याकडे निघाली. जाताना तिनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

श्रावणला उठवलं. दारापाशी तो थांबला.

"बा, खरं बोलूनच राह्यला तं पुरं बोल. मले पयला गिलास कोनं देल्ला तेबी सांग. दहा वर्साचा होतो मी. पोळाच होता."

तानबाला तो दिवस आठवला. बैलाच्या शिंगांची बेगड, पोराचा ठसका, चारचौघांचं हसणं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसणारा आपणच. 'झाला गडी!' असं आपण ओरडलो होतो.

"मी देल्ला," तो म्हणाला. "साहेब, हे बी लिवा. पोराले दारू मी पाजली."

प्रभाकररावांनी दौतीचं झाकण लावलं.

"तुझ्या पोराचं वय आता अठ्ठावीस आहे, तानबा," ते म्हणाले. "हे मला लिहिता येत नाही. तू घरी जा."