पदराच्या गाठीतलं बटण

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणायची रीत. माझे मालक तसे गुणाचे. दारू नाही, विडी नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण रेडिओ कानावर पडला की त्यांचं भान सुटायचं. हॉटेलातून गाणं ऐकू आलं तर हातातली पिशवी खाली ठेवून रस्त्यातच उभे राहायचे, आणि गाणं संपलं की पिशवी तिथंच सोडून घरी यायचे. असल्या माणसाच्या नशिबी रेडिओवाली मोटार यावी, याला काय म्हणावं?

ही गोष्ट साठ सालानंतरची, नेरची. मालक तेव्हा एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला होते. तिथल्या शेठजींनी आपली जुनी लांबलचक मोटार काढून टाकली, ती यांनी घेतली. अंगणात खोलली, पुसली, जोडली, आणि नेर ते यवतमाळ भाड्यानं चालवायला लागले. एसटी चुकली की लोक आमच्या गाडीत बसत. पुढे पुढे तर एसटी मुद्दाम चुकवून बसायला लागले, कारण गाडीत रेडिओ होता. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले लोक. गावात आमच्या घरचं पाणी न पिणारेही रेडिओजवळची जागा मिळावी म्हणून मालकांच्या मांडीला मांडी लावून बसत. मला त्याचं हसू यायचं आणि रागही यायचा. मालक म्हणायचे, "बसू दे वं. गाडीत बसले म्हन्जे सारे सारखेच."

तो रेडिओ म्हणजे स्टेअरिंगशेजारी बसवलेला पत्र्याचा डबा. त्यावर काचेची पट्टी आणि दोन बटणं. एक आवाजाचं, एक काटा फिरवायचं. सुरू केल्यावर आतले दिवे तापेपर्यंत तो मुका राहायचा. मग खरखर करत बोलायला लागायचा. गाडी खड्ड्यात आदळली की काटा सरकायचा, टेकडी आडवी आली की गाणं विरून जायचं. म्हणजे सारखा त्याचा कान पिळत बसायचं. कान पिळायचा तर मान खाली घालावी लागायची, आणि गाडी हाकणाऱ्यानं मान खाली घातल्यावर रस्ता पाहायला कोण उरलं?

हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी स्वतः गाडीत होते. माहेरी यवतमाळला निघाले होते, मांडीवर तान्ही मुलगी. कापसाचे दिवस होते. समोर कापसानं शिगोशीग भरलेल्या बैलगाड्यांची रांग चालली होती. मालकांचा एक हात स्टेअरिंगवर आणि दुसरा बटणावर. कुठलंसं गाणं अर्धं लागलं होतं आणि त्यात दुसरंच कोणीतरी बातम्या सांगत होतं.

"अवो, समोर पाहा," मी म्हटलं.

"पाहून राह्यलो न," ते म्हणाले. पाहत होते ते काट्याकडे.

मी किंचाळले. त्यांनी ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. आमच्या गाडीचं नाक समोरच्या बैलगाडीतल्या कापसात सरळ आत घुसलं. काचेवर सगळीकडे कापूस. मुलगी दचकून रडायला लागली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, हे मला कळायला जरा वेळ लागला. तोवर मी तिला छातीशी इतकी आवळून धरली होती की ती माझ्यामुळेच रडत होती. गाडीत मात्र गाणं आता अगदी स्वच्छ लागलं होतं.

बैलगाडीचा म्हातारा गाडीवान खाली उतरला. त्यानं आधी बैलांच्या पायांवरून हात फिरवला, मग जू पाहिलं, आणि मग आमच्या खिडकीशी आला. मला वाटलं, आता हा आमच्या सात पिढ्या उद्धारणार. तो नुसता वाकला, रेडिओकडे पाहिलं आणि मालकांना म्हणाला, "सरलं का गानं, भाऊ?"

मालकांची मान खाली गेली. या वेळी काट्याकडे पाहायला नाही. मी हात लांब केला, काट्याचं बटण धरलं आणि जोर लावून उपटून काढलं. पदराच्या टोकात ठेवून वर घट्ट गाठ मारली.

"हे काय करून राह्यली?"

"रेडिओचा कान कापून राह्यली," मी म्हटलं. "आता चालवा गाडी."

पुढे काही दिवस मी निर्धास्त होते. गाडीत बसणारे कुरकुर करत, मालक तोंड पाडून जेवत. मग एकाएकी लोकांची कुरकुर थांबली, मालकही शीळ घालत घरी यायला लागले. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. रविवारी गाडी धुण्याचं काम माझ्याकडे असायचं. सीटखाली झाडू घातला तर पक्कड हाताला लागली. वर पाहिलं तर बटणाच्या जागी उरलेल्या पितळी दांडीवर पकडीच्या दातांच्या खुणा. म्हणजे हा माणूस आता एका हातात पक्कड धरून गाडी चालवत होता! बटण परवडलं म्हणायची पाळी आली.

मी त्या दिवशी गल्लीला ऐकू जाईल इतकी भांडले. "पोरगी अनाथ करायची आहे का तुम्हाले? कायले करता असं?"

"येवढी काहून बोंबलते? काही झालं का?"

"झाल्यावर बोंबलून काय फायदा?"

नुसतं भांडून भागणार नव्हतं. हा माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण हा कबूल करायचा आणि गाणं लागलं की विसरायचा. याला बांधावं कशानं? माझी आई असती तर तिनं देवाच्या डोक्यावर हात ठेवून आण घ्यायला लावली असती. पण आमच्या घरातला देव्हारा दीक्षेनंतर निघाला होता. ज्या देवाला मानत नाही त्याची आण घालायची कशी? आणि घातली असती तर मालकांनी ती आनंदानं घेतली असती आणि संध्याकाळी पक्कड काढली असती.

म्हणून मी त्यांना बुद्धाच्या तसबिरीपुढे बसवलं. मेणबत्ती लावली. दोघांनी पंचशील म्हटलं. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही, तिथे मी त्यांना थांबवलं आणि बटण त्यांच्या तळहातावर ठेवलं. "आता हे हातात धरून सांगा," मी म्हटलं. "चालत्या गाडीत रेडिओले हात लावनार नाही. ऐकायचंच असंन तं गाडी कडेले घेईन, ब्रेक ओढीन, इंजन बंद करीन, मंगच ऐकीन."

इंजिन बंदचं मी मुद्दाम घातलं होतं. उभी गाडी चालू राहिली तर गाणं चांगलं लागल्यावर यांचा पाय कुठं पडेल, याचा मला भरवसा नव्हता.

त्यांनी शब्दाला शब्द म्हटलं. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "आता राहू दे न बटन मायाजवळ."

"शील घेतलं म्हणून लगेच अर्हत झाले का?" मी म्हटलं. "बटन मायाजवळच राहीन. अन पक्कड बी."

पुढच्या वर्षी परदेशात हॉकीचे सामने चालले होते. आपला संघ शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला होता. आमच्या गावात हॉकीची काठी कोणी पाहिली नव्हती, पण पानठेल्यावर सगळे तिच्याबद्दल असे बोलत की जणू रोज तीच घेऊन गुरं वळतात. सामन्याच्या दिवशी सकाळी मालक चुलीपाशी येऊन उभे राहिले. एकदा फुंकणी उचलली, पुन्हा ठेवली. मी भाकरी थापत होते.

"आजचा दिवस दे," शेवटी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. लहान मुलासारखं तोंड झालं होतं. मी हात धुतले आणि पदराची गाठ सोडली.

"चालत्या गाडीत?"

"नाही."

"मंग?"

"कडेले घेईन, ब्रेक ओढीन, इंजन बंद करीन."

बटण सदऱ्याच्या खिशात टाकून ते गेले.

उन्हं कलली तरी गाडी परतली नाही. एरवी त्या वेळेला मालक अंगणात पाय धूत असत. मी दारात येरझारा घालत होते, तोच शेजारीण धावत आली. "बाई वं, तुया मालकाची गाडी उतारावर खाली गेली म्हन्ते! बैलं लावून काढून राह्यले. मान्सं जमले तिथी. यष्टीच्या कंडक्टरनं डोयानं पाह्यलं."

मीच दिलं बटण. वर्षभर गाठीत बांधून ठेवलं आणि आज आपल्या हातानं सोडून दिलं. मला मालकांची वाकलेली मान दिसायला लागली, समोर कापूस नसलेली मोकळी खोल जागा दिसायला लागली. मुलीला कडेवर घेतलं आणि यवतमाळच्या रस्त्याला लागले. शेजारीण मागून हाका मारत होती.

पूर्वीची असते तर वाटेत कोणा देवीला नवस बोलले असते. कोंबडं कबूल केलं असतं, खण कबूल केला असता. आता कोणाला काय कबूल करू? तोंडाला येईल तसं पंचशील म्हणत चालले होते. पाढे म्हणतात तसं. चौथ्या शीलापाशी आले की अडायची, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी शब्द पाळला असेल का, एवढा एकच प्रश्न डोक्यात होता.

गाव मागे पडलं आणि समोर धूळ दिसली. धुळीतून आधी दोन बैल निघाले. मग धुळीमुळे तोंडाला फडकं बांधून धुरेवर बसलेला गाडीवान दिसला. त्याच्या रिकाम्या बैलगाडीला मागे दोरखंड बांधला होता आणि दोरखंडाला आमची मोटार. तिला ना ओरखडा, ना पोचा. गाडीतली सगळी माणसं मागून हसत, गप्पा मारत पायी येत होती. आणि स्टेअरिंगवर माझे मालक. दोन्ही हात चाकावर, पाठ ताठ, नजर बैलांच्या शेपट्यांवर रोखलेली. बैलांच्या चालीनं चाललेली गाडी ते इतक्या जपून हाकत होते की मी मटकन रस्त्याच्या कडेला बसले आणि रडायला लागले.

बैल थांबताच ते धावत आले. मी शिव्या दिल्या असत्या तर ते घाबरले नसते, पण रडताना पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं वं? पोरगी बरी आहे न?"

"तुम्ही बरे आहा न?"

"मले काय धाड भरली? बॅटरी उतरली."

मग त्यांनी सांगितलं. सामना सुरू व्हायच्या आधीच त्यांनी उताराच्या अलीकडे लिंबाखाली गाडी घेतली, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग बटण लावलं. गाडीतले तर होतेच, येणारे-जाणारे गाडीवान थांबले, गुराखी जमले, बायका सरपणाचे भारे टेकवून उभ्या राहिल्या. बंद इंजिनावर रेडिओ चालतच राहिला आणि आमची म्हातारी बॅटरी पार पिऊन टाकली. हँडल मारून मारून सगळ्यांचे हात दुखले, तेव्हा एका गाडीवानानं आपले बैल मोटारीला लावले. तेवढ्यात एसटी गेली आणि कंडक्टरनं मोटारीला बांधलेले बैल तेवढे पाहिले.

"तूच म्हन्लं होतं न, इंजन बंद करून ऐका," मालक भीत भीत म्हणाले. "म्हनून एक घडी बी चालू केलं नाही."

आयुष्यात या माणसानं माझं इतकं तंतोतंत कधी ऐकलं नव्हतं. मला हसू यायला लागलं आणि रडूही थांबेना. त्यांनी खिशातून बटण काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

मी डोळे पुसले. "मंग? जिंकलो का आपन?"

मालक चाचरले. "मालूम नाही. शेवटी शेवटी बॅटरीनं जीव सोडला."

धुरेवरचा गाडीवान तोवर आमच्याकडे पाठ करून बसला होता. आता त्यानं फडकं सोडून तोंड वळवलं, आणि मी त्याला ओळखलं. तोच म्हातारा, कापसाच्या गाडीचा. मालकांकडे हनुवटी करून म्हणाला, "त्याईचं गानं आज सरलंच नाही, बाई."

मी मुठीतलं बटण पुन्हा मालकांच्या खिशात टाकलं, वरून खिसा थोपटला आणि मुलीला घेऊन त्यांच्या शेजारी गाडीत बसले. त्यानंतर ते बटण मी पदराला कधी बांधलं नाही.