काकूंना नागफणी दाखवायला नेलं तेव्हा

"गुरुवारी ये मेधा, दोन दिवस राहा. फक्त यावेळी संस्थेचं काही काढायचं नाही. नुसती ये." फोनवर काकूंनी एवढीच अट घातली आणि मी लगेच हो म्हटलं. बॅग भरताना मला खरंच सुट्टीवर निघाल्यासारखं वाटत होतं.

काकू लोणावळ्यात, तुंगार्लीतल्या बंगल्यात एकट्या राहतात. वय सत्तरीच्या पुढे. आमच्या संस्थेच्या त्या मोठ्या देणगीदार, आणि अशा माणसांशी संबंध जपणं ही माझी नोकरी. वाढदिवसाला फोन, त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे अण्णांच्या स्मृतिदिनाला भेट, परदेशातल्या मुलाची चौकशी. हे करता करता मी त्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवू लागले. यातलं काम कुठे संपतं, हे मी स्वतःला विचारत नव्हते.

पुण्याहून जाणार असाल तर आठवड्याच्या मधला दिवस निवडा, शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाडी सरकत नाही. द्रुतगती मार्गाने दीड तास पुरतो. मी उर्सेच्या टोलनाक्याजवळ चहाला थांबले (चहा महाग आणि पाणचट, घरून थर्मास आणा) आणि तिथूनच मंदाला फोन केला. मंदा लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात आमची मुलींची अभ्यासिका चालवते. पत्र्याची एक खोली आहे. तिला स्लॅब हवा म्हणून आम्ही वर्षभर देणगीदार शोधत होतो.

"काकू माझ्याबरोबर असतील. उद्या तिकडून चक्कर मारू," मी म्हटलं.

"मंग स्लॅबचं नक्की समजू का ताई?"

"बघू. होईलसं वाटतंय."

तिने अण्णांचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. कशाला, हे विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही तुंगार्ली तलावाच्या बांधावरून चालून आलो. थंडीत पाणी अगदी स्थिर असतं आणि गर्दीही नसते. जेवायला पिठलं, भाकरी आणि मावळातला इंद्रायणी भात. काकूंनी स्वतःच्या हाताने तूप वाढलं. "कोणीतरी नुसतं आलंय, बरं वाटतं गं," त्या म्हणाल्या. तेव्हाच उद्याचं सांगून टाकायला हवं होतं. मी आणखी भात मागितला.

सकाळी मी म्हटलं, "कुरवंड्यापर्यंत गाडी जाते काकू. नागफणीचा सुळका लांबून बघू." काकू घरातल्याच सुती साडीवर कॅनव्हासचे बूट घालून निघाल्या. रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली की एकाला मागे जावं लागतं, पण दोन्ही बाजूंना वाळलेलं सोनेरी गवत आणि पुढे एकदम आभाळ. काकू काच खाली करून गुणगुणत होत्या.

अभ्यासिकेपाशी मी गाडी थांबवली. दारात रांगोळी, बायका, ओवाळणीचं ताट. दारावर नवीन पाटी: 'कै. दिनकर यांच्या स्मरणार्थ'. दिनकर म्हणजे अण्णा; पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट.

"या मावशी," मंदा पुढे आली. "सकाळधरनं वाट बघतोय आमी. पाटीला हात नका लावू, ओली हाय अजून."

एक म्हातारी म्हणाली, "पावसात पत्र्याखाली काय बी ऐकू येत न्हाई बघा. मास्तरीण वरडती, पोरी तोंडाकडं बघत्यात. आता स्लॅब व्हनार म्हनं, लय चांगलं झालं."

"कोण म्हणालं?" काकूंनी विचारलं.

मंदाने माझ्याकडे पाहिलं. "ताईच की."

मी तसं म्हटलं नव्हतं. पण तिला तसं समजू दिलं होतं, आणि काकूंना दुसरंच काही समजू दिलं होतं. कोणाशीच खोटं न बोलता मी दोघींना फसवलं होतं.

काकूंनी पाटी शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी ओवाळून घेतलं, शाल घेतली, नारळ घेतला. म्हातारी म्हणाली, "डोक्यावरनं पदर घ्या की मावशी, फोटू काढायचाय." "असू दे. अण्णांना माझे केस आवडायचे," काकू म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. मुलींनी कविता म्हटली. काकूंनी प्रत्येकीला नाव विचारलं. त्या इतक्या नीट वागल्या की मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

गाडीत त्या एवढंच म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर बरी साडी नेसले असते."

"काकू, चुकलं माझं."

"आता घरी चल."

नागफणी राहिली. तुम्ही गेलात तर गावाच्या पुढे थोडं चालून जा, तिथून सुळका चांगला दिसतो असं मंदा म्हणते.

दुपारी चहा झाल्यावर काकूंनी विचारलं, "किती लागतील?" त्या क्षणी मी म्हणू शकले असते की आज नको, मी नुसती आले आहे. मुलींच्या डोक्यावर छप्पर हवं, हे खरंच आहे. पण मी बोलले ते मुलींची आठवण होऊन नव्हे. आकडा माझ्या तोंडात तयारच होता. काकूंनी मान हलवली आणि कप उचलून आत गेल्या. मी रात्री राहिले नाही, त्यांनीही आग्रह केला नाही.

परतताना चिक्की घेतली, ती अजून डब्यात आहे. पैसे आठवड्यात आले. पावसाआधी स्लॅब होईल. मंदाला मी सांगितलं, पुढे कोणाचंही नाव विचारल्याशिवाय रंगवू नकोस. तिने निमूट हो म्हटलं, आणि तिला हे ऐकवण्याचा हक्क मला कुठून आला, तेही मला कळेना.

देणगी आली की दोन दिवसांत आभाराचा फोन करायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी तो आठवडाभर लांबवला. काकूंनी उचलला, स्लॅबचं काम कधी सुरू होतंय ते विचारलं. मग म्हणाल्या, "तुझ्या साहेबांना सांग, मेधाचं काम चोख आहे म्हणावं."

आवाज नेहमीसारखाच होता. त्यात टोमणा आहे का, हे मी कितीतरी वेळ आठवून पाहिलं. नव्हता.